अपुऱ्या घराचा नवरदेव

बार्शीटाकळीच्या नितेश गावंडेचा धंदा मोठा विचित्र आहे. काम संपलं की गिऱ्हाईक खूश होतं, आणि त्याच गिऱ्हाइकाच्या घरी आलेला पाहुणा खाली बघून विचारतो, "फरशी कधी बसवून राहिले?"

नितेश काँक्रीटची फरशी करतो. म्हणजे फरशी बसवतच नाही. जमिनीवर काँक्रीट ओतायचं, ते पुरतं वाळू द्यायचं, मग जड मशीनखाली हिऱ्याचा चुरा लावलेल्या चकत्या फिरवून ते घासत जायचं. वरचा सिमेंटचा पापुद्रा गेला की आतली काळी खडी दिसू लागते. मग त्यात एक रसायन मुरवायचं आणि आणखी बारीक चकत्यांनी घासायचं, इतकं की खिडकीतला उजेड जमिनीत बुडालेला दिसावा. रंग मात्र राखाडी तो राखाडीच. ज्या कोब्याला कंटाळून वऱ्हाडातल्या माणसांनी आधी शहाबादी घातली, मग टाईल्स घातल्या, तोच कोबा नितेश त्यांना परत विकतो, आणि टाईल्सपेक्षा महाग विकतो.

हे काम तो चाकणला शिकला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचं आणि त्याचं काही केल्या जमेना, तेव्हा गावातल्या कोणाच्या तरी ओळखीने तो गोदामांच्या फरश्या करणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला. फोनवर त्याने आईला त्या चकत्यांबद्दल सांगितलं. सुभद्राबाईंनी त्यातला एकच शब्द धरला. "पोरगा पुन्याकडं हिऱ्याच्या कामाले लागला," असं त्यांनी बाजारात सांगून टाकलं. नितेश दिवाळीला घरी आला तेव्हा शेजारच्या बायका त्याच्या बोटांकडे बघत होत्या. बोटं सिमेंटने फुटलेली. खाणीत उतरावं लागत असेल, असा अर्थ त्यांनी काढला आणि सुभद्राबाईंनी तो खोडला नाही.

लॉकडाऊनमध्ये ठेकेदाराचं काम बंद पडलं. नितेश गावी आला, आणि पुढे ठेकेदाराने विकायला काढलेलं एक जुनं मशीनही टेम्पोत घालून आणलं. पहिलं काम वरूडला मिळालं, संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडचं. तिथल्या मालकाला चकाकीशी देणंघेणं नव्हतं. कॅरेटची गाडी अडखळली नाही पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. गाडी अडखळली नाही, काम पसंत पडलं. मग अमरावतीला राजापेठेत एका कॅफेची फरशी केली. ट्यूशन सुटलेली पोरंपोरी तिथे कॉफी घेऊन बसायची आणि आपापल्या बुटांचे फोटो काढायची. फोटोत बुटांखाली नितेशची फरशी असायची. ते फोटो बघत बघत आर्किटेक्ट लोक त्याच्यापर्यंत पोचले, आणि अकोल्या-अमरावतीच्या बंगल्यांतून त्याला बोलावणी येऊ लागली. साधं दिसणं ज्यांना परवडतं, अशा लोकांची बोलावणी.

त्याचे वडील पुंजाराम वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि अकोल्याच्या भाजीबाजारात नेऊन घालतात. माणूस अबोल. एकदा नितेशने त्यांना आपलं काम दाखवायला नेलं. फरशीवर केसासारखी एक भेग दिसत होती. पुंजारामांनी ती पायाच्या अंगठ्याने चाचपली.

"भेग पडली ना रे."

"पडतेच बाबा काँक्रीटले. लोकायले आवडते ते. नक्षी म्हनते."

पुंजारामांनी अंगठा मागे घेतला. "आपल्या वावरात उनाळ्यात पाय जाईन एवढ्या पडते," ते म्हणाले. "पाहाले घेऊन ये एखाद्याले."

धंदा मार्गी लागला तसं गावंड्यांनी बार्शीटाकळीत नवीन घर बांधलं. सुभद्राबाईंच्या डोक्यात फरशीचं चित्र केव्हाचंच तयार होतं. पांढऱ्याशुभ्र मोठ्या टाईल्स, वर सोनेरी रेघा, जाऊबाईंच्या म्हणजे माणिकबाईंच्या घरी आहेत तशा, फक्त थोड्या जास्त मोठ्या. नितेश ऐकेना. दुसऱ्यांची घरं करतो आणि स्वतःच्या घरी टाईल्स लावल्या तर लोक हसतील, असं त्याचं म्हणणं. लोक हसतील ही भीती दोघांचीही एकच होती, फक्त लोक वेगळे होते.

शेवटी नितेशचं चाललं. त्याने ती फरशी जीव ओतून केली. खडी स्वतः निवडली, घासाई स्वतः केली. दुपारी दार उघडं असलं की बैठकीत पाणी साचल्यासारखं वाटायचं. पुंजाराम अनवाणी आत आले, मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "थंड वाटते." त्यांच्या हिशेबी हे भाषण झालं.

वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला सुभद्राबाई दारातच सांगत होत्या, "फरशी येनं बाकी हाय अजून. गुजरातेतून, मोरबीहून गाडी निंगाली, कुठं अटकली त काय." नितेश भटजींजवळ बसून हे ऐकत होता. पूजा मोडून उठता येत नव्हतं. पुढे सणासुदीला, हळदीकुंकवाला, कोणी आलं की गाडी अजून वाटेतच असायची. अखेर माणिकबाईंनी विचारलं, "काव सुभद्रे, मोरबीहून पायी येऊन राहिली का तुही फरशी?"

तेव्हाच नितेशसाठी मुली बघणं सुरू झालं होतं. मुलगा कमावता, निर्व्यसनी, भाजीपाल्याचं वावर, नवं घर. कागदावर सगळं जुळायचं. मुलीकडचे लोक घर बघायला यायचे, चपला काढायच्या की नाही या विचारात उंबऱ्यापाशी घुटमळायचे, आणि चहा घेऊन जायचे. मग मध्यस्थाचा फोन यायचा. "घर पूर्ण होऊ द्या म्हनते, मंग पाहू."

एकदा नितेशने ठरवलं की स्पष्ट बोलायचं. दर्यापूरकडचे पाहुणे आले होते. त्याने त्यांना फरशी कशी होते ते सगळं समजावलं, आणि शेवटी हेही सांगितलं की ही टाईल्सपेक्षा महाग पडते. मुलीचे काका शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे टाईल्स परवडत नोत्या असं नाई?"

"नाई जी. टाईल्स स्वस्त पडल्या असत्या."

"आन तरी बी तुमी कोबाच केला?"

"हो जी."

काकांनी मान हलवली. गावंडे गरीब असतील ही शंका मिटली होती. पण जास्त पैसे देऊन कोबा करणाऱ्या वेड्या बह्याडाला पोरगी द्यायची म्हणजे त्याहून अवघड. तेही स्थळ गेलं.

त्यानंतर सुभद्राबाई अकोल्याला गेल्या आणि प्लास्टिकच्या कार्पेटचा मोठा गुंडाळा घेऊन आल्या. कार्पेटवर टाईल्सचं चित्र छापलेलं होतं. पांढऱ्या टाईल्स, वर सोनेरी रेघा. नितेश अमरावतीचं काम आटोपून घरी आला तर बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते पसरलेलं.

"माय, हे काय व?"

"पाहुने येऊन राहिले परवा. तुही फरशी खाली सलामत हाय. तिले काय धाड भरली?"

नितेशने बापाकडे पाहिलं. पुंजाराम कार्पेटवर बसून वांग्यांची प्रतवारी करत होते. "थंड नाई वाटत आता," एवढंच ते म्हणाले.

परवा येणारे पाहुणे अमरावतीचे उत्तमराव निंभोरकर होते. राजापेठेत त्यांचं टाईल्सचं दुकान. मुलगी रागिणी, इंटिरियरचा कोर्स केलेली. टाईल्सचा दुकानदार आपल्या घरी येणार म्हटल्यावर नितेशला उलट धीर आला. निदान ज्याला फरशीतलं कळतं असा माणूस पहिल्यांदाच घर बघणार होता.

उत्तमराव आले, खुर्चीवर बसले, पोहे खाल्ले. खाता खाता त्यांनी पायाच्या अंगठ्याने कार्पेटची कड जराशी उचलली, खाली पाहिलं आणि कड परत ठेवली. सुभद्राबाईंनी घाईघाईने आणखी पोहे वाढले.

"पोरगा मेहनती हाय," उत्तमराव म्हणाले. "मले पसंत हाय. पोट्टीले दाखवू, तिचं हो आलं की झालं. आन हे घराचं," त्यांनी जमिनीकडे बोट केलं, "हे मी पाहून घेतो."

पुंजाराम तेवढ्यात बोलले. "हुंडा आमी घेत नाई जी. सांगून ठेवतो."

"हुंडा कोन देऊन राहिला? टाईल्स देऊन राहिलो!"

नितेशने तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी सुभद्राबाई म्हणाल्या, "पांढऱ्या द्याल का? मोठ्या?"

पुढच्या रविवारी हे लोक अमरावतीला गेले. निंभोरकरांचं घर बघून नितेश चकित झाला. बैठकीत तपकिरी टाईल्स, त्यातच एका कोपऱ्यात निळ्या. स्वयंपाकघरात फुलांच्या, जिन्याला एक पायरी सोडून एक पायरी वेगळी. दुकानात जो माल उरायचा तो घरी लागायचा, हे त्याच्या लक्षात आलं. रीतीप्रमाणे दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. गच्चीवरही टाईल्सची खोकी रचलेली होती. रागिणीने खोक्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "राजापेठेतल्या कॅफेची फरशी तुमीच केली ना?"

एवढी स्थळं गेल्यावर या प्रश्नामागे काय येतं हे नितेशला पाठ झालं होतं. तो घाईघाईने म्हणाला, "हो, पन आमच्या घरी तसं नाई राहणार. टाईल्स बसून राहिल्या. पांढऱ्या. मोठ्या."

रागिणी गप्प झाली. ती समाधानाने गप्प झाली, असं नितेशला वाटलं. खाली येऊन तिने होकार दिला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला. त्याआधी उत्तमरावांनी गाडीभर माल आणि आपला जुना मिस्त्री बार्शीटाकळीला धाडला. अखेर गाडी आली म्हणून सुभद्राबाईंनी तिला ओवाळलं. मिस्त्रीने कार्पेट गुंडाळलं, फरशीवर हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे तं काच हाय. यावर काईच चिटकत नाई. पूर्ण टोचून घ्या लागन." त्याने छिन्नी काढली. पहिला टोचा बसला तसा पांढरा डाग उडाला आणि चकाकीत एक खड्डा पडला. मग दुसरा. मग तिसरा.

नितेश दारात उभा होता. थोड्या वेळाने तो आत गेला, मिस्त्रीला चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, जास्त नका टोचू. थोडे थोडे मारा, लांब लांब. चालून जाईन."

"चिटकनार नाई भाऊ."

"मी सांगून राहिलो ना. मी हेच काम करतो."

एवढं बोलल्यावर मिस्त्री काय म्हणणार? त्याचेही कष्ट वाचत होते. बैठकीभर त्याने विरळ टोचे मारले, वर सिमेंटचा मसाला पसरला आणि मालकीणबाईंच्या इच्छेप्रमाणे टाईल्स एकमेकींना खेटून, फट न सोडता बसवल्या. स्वयंपाकघर दुसऱ्या दिवशी झालं. त्या दिवशी नितेश एका कामावर बाहेरगावी गेला होता, त्यामुळे तिथे मिस्त्रीने आपल्या मनाप्रमाणे टोचून काढलं.

लग्न झालं. रागिणी घरात आली. बैठकीत पहिलं पाऊल टाकताना तिने खाली पाहिलं. माप ओलांडणारी नवरी खालीच बघते, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. सुभद्राबाई वर्षभराची कसर भरून काढत होत्या. दार दिवसभर उघडं असायचं, फरशी दोनदा पुसली जायची. माणिकबाई येऊन गेल्या आणि आपल्या टाईल्स लहान पडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, तो दिवस सुभद्राबाईंनी सणासारखा पाळला.

मे महिन्यात अकोला तापलं तसं बार्शीटाकळीही तापलं. पारा पंचेचाळिसाच्या वर. दुपारी बैठकीत कूलर लावून सुभद्राबाई, माणिकबाई, रागिणी आणि शेजारच्या तानुबाई पापड लाटत बसल्या होत्या. एकाएकी फट् असा आवाज झाला. दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटावा तसा. पाठोपाठ दुसरा. बैठकीच्या मधोमध टाईल्सची एक रांग वर उचलली आणि तंबू ठोकल्यासारखी टोकदार उभी राहिली. पापड, पोळपाट, लाटणं, सगळं कलंडलं.

"भूकंप व माय!" माणिकबाई ओरडल्या आणि त्यांच्यामागे सगळ्या जणी भर उन्हात अंगणात पळाल्या. आतून आणखी दोन-तीन आवाज आले. मग सगळं शांत झालं. गल्ली गोळा झाली. शेजारपाजारची घरं जागच्या जागी होती, म्हणजे भूकंप फक्त गावंड्यांच्या बैठकीत झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तमराव हजर. त्यांचा चेहरा उतरला होता. टाईल्सवाल्याच्या लेकीच्या घरी टाईल्स उखडल्या, ही बातमी राजापेठेत पोचायला कितीसा वेळ लागतो? ते उकिडवे बसले आणि अजून जागेवर असलेल्या टाईल्स बोटाच्या पेराने वाजवून पाहू लागले. सगळ्या पोकळ वाजत होत्या, म्हणजे खालून सुटलेल्या, आणि उन्हाने फुगायला मध्ये फटही नव्हती.

"माल खराब लागला," ते म्हणाले. "कंपनीवाल्याले सोडत नाई मी. आन त्या मिस्त्रीले तं आजपासून दुकानाची पायरी चढू देत नाई. जावईबापू, तुमी काई चिंता करू नका. याच्याहून भारी माल पाठवतो."

नितेश भिंतीला टेकून उभा होता. मिस्त्रीचं नाव निघालं तसं त्याला राहवलं नाही.

"मामाजी, मिस्त्रीची चूक नाई. तो पूर्ण टोचून घेतो म्हनत होता. मीच म्हनलं, कमी मारा."

"कावून?"

"मले पाहवत नोतं."

उत्तमराव उकिडवेच राहिले. "म्हंजे माह्या टाईल्स निंगाव्या म्हनून?"

"नाई जी. तसं मनात बी नोतं. माह्या फरशीवर छिन्नी चाललेली पाहवत नोती, बस."

सुभद्राबाई पदराने तोंड झाकून उभ्या होत्या. हसू की राग, ते पदरामागून कळत नव्हतं. उत्तमराव उठले, गुडघे झटकले. "सोताच्या मालावर येवढी माया! कसा धंदा करान तुमी?" मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "बरं, झालं ते झालं. टाईल्स नवीन पाठवतो. या वक्ती बराबर बसवू."

"बाबा, नका पाठवू," रागिणी म्हणाली.

ती मघाशीच पुढे येऊन उचकटलेल्या टाईल्सच्या जागी उभी राहिली होती. मसाल्याच्या खपल्यांमधून खालचा राखाडी तुकडा दिसत होता आणि त्यावर तिचा अनवाणी पाय होता.

"नका काय? लोकं काय म्हनतीन? निंभोरकराच्या पोरीच्या घरी कोबा?"

"मी या फरशीसाठीच तं हो म्हनलं होतं." ती वडिलांशी बोलत होती, पण बघत होती नितेशकडे. "त्या कॅफेत मी मैत्रिणींसोबत जात होती, फक्त फरशी पाहाले. आपल्या घरात बाबा, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं तर गाव बदलल्यासारखं वाटते. मले वाटलं, हा मानूस अशी फरशी करते तं याचं घर कसं असन! आन गच्चीवर यायनं पहिलंच काय सांगतलं? टाईल्स बसून राहिल्या. पांढऱ्या. मोठ्या."

"मंग तवाच बोलाचं ना!" नितेश म्हणाला.

"कोनं विचारलं होतं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. कार्पेट सुभद्राबाईंच्या पसंतीचं होतं, टाईल्स उत्तमरावांच्या, काँक्रीट नितेशचं. जिला त्यावर जन्मभर चालायचं होतं तिच्या पसंतीचा विषय कुठे निघालाच नव्हता. पुंजारामांनी भिंतीच्या खुंटीवरची टोपी घेतली, वावराकडे निघाले आणि दारातून म्हणाले, "काढून टाका. थंड वाटन."

बैठकीतल्या टाईल्स निघाल्या. त्यातल्या काही माणिकबाईंनी न्हाणीघरासाठी नेल्या, सुभद्राबाईंनी त्यांना मोजूनमापून तुटक्याच जास्त दिल्या. नितेशने मशीन आणलं आणि पुन्हा घासाई केली. रागिणी तोंडाला रुमाल बांधून धुळीची नळी धरत होती आणि अजून बारीक, अजून बारीक म्हणत होती. चकाकी परत आली. टोच्यांचे खड्डे मात्र जाईनात. त्याने ते सिमेंट आणि रंगाचा लेप करून बुजवले, पण रंग काही तंतोतंत जुळला नाही. राखाडी जमिनीवर फिकट ठिपके राहिले, विरळ, लांब लांब. नितेश ते पाहायचा आणि तोंड फिरवायचा.

पावसाळ्यात अकोल्याच्या एक डॉक्टरीणबाई बंगल्याच्या कामाचं बोलायला घरी आल्या. नमुना म्हणून रागिणीने त्यांना बैठक दाखवली. बाई वाकून बघू लागल्या.

"हे ठिपके फार सुंदर आहेत. हे कसं केलं?"

नितेश खुलासा करणार, तोच रागिणी म्हणाली, "हातकाम हाय मॅडम. मशीनने नाई होत."

"मला हेच पाहिजे. पूर्ण हॉलमध्ये."

त्यामुळे दसऱ्याच्या सुमाराला नितेश अकोल्यात एका नव्या कोऱ्या, आरशासारख्या घासलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता. हातात छिन्नी. टोचे मारायला त्याने उत्तमरावांच्याच मिस्त्रीला सोबत आणलं होतं. एक टोचा मारायचा, हातभर सरकायचं, दुसरा मारायचा. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "इकडे जरा कमी वाटतायत," त्या म्हणाल्या. नितेशने डोळे बारीक करून आणखी एक मारला. मिस्त्री मान खाली घालून खोकल्याचं निमित्त करत हसत होता.

त्या कामानंतर तसली आणखी कामं आली. उत्तमरावांनी राजापेठेतल्या दुकानात मागच्या बाजूला त्या फरशीचा एक चौकोन करून घेतला आहे. टाईल्स बघून बघून दमलेलं गिऱ्हाईक निघू लागलं की ते त्याला तिकडे नेतात आणि जावयाचा नंबर देतात. टाईल्सच्या कंपनीवाल्याशी मात्र ते अजून बोलत नाहीत. चूक त्याची नव्हती हे कळल्यापासून तर जास्तच.

बार्शीटाकळीच्या घरात स्वयंपाकघराच्या टाईल्स शाबूत आहेत, पांढऱ्या, सोनेरी रेघांच्या. त्यांना कोणी हात लावलेला सुभद्राबाईंना खपत नाही. पाहुणे आले की त्या आधी बैठक दाखवतात, "हे सुनबाईचं," मग स्वयंपाकघरात नेतात, "आन हे माह्यं." पाहुणे जिथे उभे असतील तिथलं चांगलं म्हणतात. चहा बैठकीत होतो, कारण पुंजाराम तिथेच जमिनीवर बसलेले असतात आणि उठायला तयार नसतात.